शोभतं का हे हार्बरवाल्यांना?

ऐकावं ते नवलच! सोमवार ते शुक्रवार सकाळी नेरुळच्या फलाटावर उभं राहून जी माणसं रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, तीच माणसं आता रजा टाकून, मुलांना ठेवणीतले कपडे घालून, डबा-पाणी बरोबर घेऊन रेल्वे बघायला निघालीत. प्रवासाला नव्हे हो, नुसती बघायला! त्यातही जी चालते ती नाही. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाहीतर रुळाच्या तुकड्यावर कायमची टेकलेली, ना भोंगा ना धूर. आणि हिच्यासाठी तिकीट काढायचं! चालत्या गाडीचं तिकीट काढताना ज्यांचा हात खिशातच अडकतो अशांची नावं मला ठाऊक आहेत. पण जाऊ दे, एकाच बिल्डिंगमध्ये राहायचंय.

बरं, कुणी एखाद्याने केलं म्हणावं तर तसंही नाही. आमच्या सेक्टरात आता हे रीतसर खूळ झालंय. पूर्वी चार बायका जमल्या की खाडीत फ्लॅमिंगो आले का, एपीएमसीत हापूसची पेटी कितीला उतरली, कामवालीने दांडी कशी मारली, असलं सभ्य बोलणं व्हायचं. आता विचारतात, "तुमचं सीएसएमटी झालं का?" झालं म्हणजे काय? मंगळागौर आहे का ती? "आमचं पुण्याचं झालं, नागपूरचं तेवढं राहिलंय." नागपूरचं म्हणजे मोतीबागेतलं नॅरोगेजचं संग्रहालय, २००२ साली उघडलेलं. हे सांगणारीचे अष्टविनायक अजून अर्धे व्हायचेत, पण रुखरुख कसली तर मोतीबागेची.

सुरुवात बी विंगपासून झाली, हे मी छातीठोकपणे सांगते. तिथले एक गृहस्थ फोर्टात बँकेत आहेत. अर्धं आयुष्य हार्बरने जाऊन-येऊन काढलं. सीएसएमटीच्या इमारतीबद्दल त्यांना विचारलं असतं तर एवढंच सांगता आलं असतं, की पाऊस आला तर कुठल्या कमानीखाली उभं राहायचं. तर या गृहस्थांनी एका बुधवारी अर्धी रजा टाकली. कशासाठी? ज्या स्टेशनातून रोज मान खाली घालून बाहेर पडतात, तेच स्टेशन आतून बघायला! वहिनी आणि मुलगा दुपारच्या रिकाम्या लोकलने गेले, हे ऑफिसातून चालत आले, आणि नवरा-बायको भेटले कुठे, तर रेल्वेच्या वारसा संग्रहालयाच्या दाराशी. इतकी वर्षं ते मधल्या वारीच, दुपारचं बघता यायचं. म्हणजे नोकरदाराला रजा टाकण्यावाचून गत्यंतर नाही. हे मुद्दामच केलं असणार असा माझा संशय आहे. सहज मिळालं असतं तर तिकडे कुत्रं फिरकलं नसतं.

तेव्हापासून वहिनी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सविषयी अशा काही बोलतात, की मला आधी वाटलं, यांचा कॅनडातला जावई असेल कुणी. स्टीव्हन्सने घुमट असा केला, स्टीव्हन्सने जिना तसा वळवला. घुमटावर बाई उभी आहे ती म्हणे प्रगती. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह नि एकीकडे वाघ. सिंह त्यांचा, वाघ आपला. दगडातली पानं, पाखरं, माकडं जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातची. सगळ्याचा खर्च सोळा लाख चौदा हजार रुपये. "सोळा लाखांत आज नेरुळला काय येतं, सांगा!" असं वहिनी मलाच विचारतात. येतं की, पार्किंग. तेही उघड्यावरचं.

आणि कौतुक कशाचं, तर १८७८ साली काम सुरू झालं ते १८८८ ला पुरं झालं, दहा वर्षं कारागीर खपले. मग आमच्या बेलापूर–पेंधर मेट्रोचं कौतुक कुणी करायचं? तिचं भूमिपूजन २०११ चं आणि पहिली गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला. मधली बारा वर्षं खारघर-तळोज्याच्या लोकांनी खांब बघितले. फुकट. गाइडसुद्धा लागला नाही, रिक्षावालाच सगळं सांगायचा. आणि इतकं करून अकरा स्टेशनांत मिळून एक वाघ नाही!

वहिनींच्या मुलाने तिथे पुठ्ठ्याचं तिकीट बघून विचारलं म्हणे, "हे बुकमार्क आहे का?" या तिकिटांनी आम्ही लहानपणी अंगणात गाडी-गाडी खेळलो, आता ती काचेखाली, वर दिवा. पण एक कबूल करायला हवं, त्या तिकिटाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. टॉमस एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकात ते काढलं. त्याआधी प्रत्येक उतारूला हाताने लिहून पावती द्यायचे. मागे रांग किती वाढली असेल बघा. याने जाड पुठ्ठ्याचे एकसारखे तुकडे छापून घेतले, जेमतेम दोन बोटं लांबीचे, प्रत्येकावर ओळीने नंबर. संध्याकाळी पहिला नंबर आणि उरलेल्यातला वरचा नंबर यांची वजाबाकी केली की किती तिकिटं खपली ते कळलं. मास्तराला मधल्यामध्ये चार पैसे मारायची सोय राहिली नाही. खिडकीतला बाबू तारखेच्या यंत्रात ते सारायचा, खट्ट आवाज व्हायचा, की झालं. त्या खट्ट आवाजावर जगभर दीडशे वर्षं माणसं गाडीत बसली. आता मोबाइलवर तिकीट निघतं, आवाज नाही, काही नाही, आणि टीसी समोर आला की नेमकी बॅटरी संपते.

पण खरा कहर झाला तो लाल पेटीवरून. रेल्वेच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात बहुधा असतेच ती. लोखंडी, उभी, पितळी तबकडीची. नील्सचं टोकन यंत्र म्हणतात. बँकवाले गृहस्थ ते बघून आले आणि रविवारी सोसायटीच्या बागेत क्रिकेटचा चेंडू हातात घेऊन मुलांना समजावत बसले. मी तिथून सहज जात होते. सहजच. तर ते असं: एकेरी रूळ, दोन बाजूंना दोन स्टेशनं, दोन्हीकडे एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली. पोटात लोखंडी गोळे, त्यांच्यावर दोन्ही स्टेशनांची नावं. पुढच्या मास्तराने तिकडून होकार दिला तरच इकडचा गोळा खाली पडतो. एकदा एक गोळा बाहेर आला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद. तो गोळा दोहोंपैकी कुठल्या तरी यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघणार नाही, तुम्ही डोकं आपटा. ड्रायव्हरच्या हाती गोळा आला तरच गाडी त्या रुळावर जाणार. समोरासमोर दोन गाड्या येतील कशाला?

जी गाडी थांबायची नाही तिच्यासाठी गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचे, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधायची, आणि फलाटावर माणूस ते कडं उंच धरून उभा राहायचा. इंजिनातला माणूस बाहेर वाकून चालत्या गाडीतून त्या कड्यात हात घालायचा, आणि त्याच दमात मागच्या टप्प्याचं कडं खाली टाकायचा. हे ऐकल्यापासून आमच्या बागेत काय चाललंय म्हणता? मुलांनी हुलाहूपला दप्तराची पिशवी बांधलीय. सायकलवरून येतात, खांद्याने कडं उचलतात, जुनं कडं तुळशीवृंदावनाशी टाकतात. फलाटावरचा माणूस म्हणून वॉचमनला उभा केलाय. तो बिहारकडचा, त्याने गावाकडे हे प्रत्यक्ष बघितलंय, त्यामुळे कडं किती तिरपं धरायचं हे तोच शिकवतो. मेन गेटवर कोण असतं, देव जाणे. परवा ए विंगमधल्या एका चिमुरडीने विचारलं, "मग लोकलच्या मोटरमनला का नाही देत असा गोळा?" गृहस्थ क्षणभर चाचरले, मला बरं वाटलं. मग म्हणाले, चार-चार मिनिटांनी गाडी येते, गोळे देता-देता माणसाचा खांदा निखळेल. तिथे रुळातूनच वीज खेळवलेली असते, गाडीची चाकं त्या टप्प्यावर आली की मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. आली का पंचाईत! आता ती चिमुरडी लोकलच्या खिडकीला नाक लावून मागे वळून सिग्नल बघते आणि आईला बसू देत नाही.

सातवी-आठवीतल्या पोरांचं तर विचारूच नका. ती संग्रहालयाला नाकं मुरडतात. त्यांना जिवंत इंजिन लागतं. शनिवारी पनवेलच्या फलाटावर जाऊन बसतात, क्लासला दांडी. आमच्या खालच्या मजल्यावरचा एक मुलगा घडाघडा म्हणतो, डब्ल्यूएपी-सातमधला डब्ल्यू म्हणजे वाईड, आपला ब्रॉडगेज. ए म्हणजे एसी वीज. पी म्हणजे पॅसेंजर. सतराचा पाढा मात्र सतरा चोकला येऊन आउटर सिग्नलला थांबतो. एखाद्या गाडीला नेहमीच्या शेडऐवजी भलत्याच शेडचं इंजिन लागलं की ही पोरं "ऑफलिंक! ऑफलिंक!" करून किंचाळतात, आणि आजूबाजूची म्हातारी माणसं सामान सावरतात, काय झालं म्हणून.

एकदा तर हा मुलगा रडवेला होऊन घरी आला. आजीने विचारलं, "काय रे झालं?" म्हणाला, "आल्को गेले गं." आजीने पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "वय किती होतं?" वय तसं बरंच होतं म्हणायचं. आल्को या अमेरिकन कंपनीची डिझेल इंजिनं आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या शेवटी आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं होऊन जून २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं, तसा तिथून डिझेलचा संसार आवरत आला. या पोरांना त्या इंजिनाचा धूर आवडायचा. धूर! धुराची काय आपल्याकडे टंचाई आहे? आणि एवढं प्रेम असेल तर कोकण रेल्वेचं मुख्य कार्यालय इथेच तर आहे, बेलापूर भवनात. सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि पानवल नदीवरचा तो ६४ मीटर उंच पूल या सगळ्याचा कारभार आपल्या बेलापुरातून चालतो. पण त्यासमोर कुणी फोटो काढताना दिसत नाही. लोकांना कोकण रेल्वे आठवते ती गणपतीचं रिझर्वेशन उघडतं त्या सकाळी, आणि तेव्हा जे शब्द निघतात ते इथे छापता यायचे नाहीत.

या सगळ्या प्रकारात एकाच माणसाचं उखळ पांढरं झालंय. सी विंगमधले आजोबा. रेल्वेच्या शेडमधून निवृत्त झालेले. इतकी वर्षं ते बाकावर बसून इंजिनाच्या गोष्टी सांगायचे आणि लोक घड्याळ बघत उठायचे. आता त्यांच्याभोवती कोंडाळं असतं, चहा येतो, बिस्किटं येतात. ते खेकड्याची गोष्ट सांगतात. खेकडा म्हणजे १९२८ च्या सुमारास परदेशातून आलेलं घाटाचं विजेचं इंजिन. मधे केबिन, पुढे-मागे दोन लांब नाकाडं, तीन तुकड्यांत वळणारं, आणि चाकांना बाहेरून जोडलेले दांडे असे हलायचे की शेडमधल्या माणसांनी नाव ठेवलं खेकडा. स्वित्झर्लंडमध्ये त्याच घराण्यातल्या इंजिनांना मगर म्हणतात. त्यांच्या नद्यांत मगरी कुठे आल्या हा प्रश्न मी विचारला, पण कुणी लक्ष दिलं नाही. असा एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. सोसायटीतले चार जण आजोबांना तिथे न्यायला निघाले, विमानाने, व्हीलचेअरसकट. आजोबांनी साफ नाही म्हणून सांगितलं. "आयुष्यभर त्याच्या पोटात शिरून ग्रीस पुसलं," म्हणाले, "आता साखळीच्या अलीकडे उभं राहून काय बघू?"

पण याच आजोबांनी एके दिवशी भर सभेत असा बॉम्ब टाकला, की त्यानंतर आमच्या लोकांना आवरणं कठीण झालं. विषय होता लोकल. आम्ही हार्बरवाले म्हणजे कसे, मध्य आणि पश्चिमवाल्यांसमोर जरा खाली मान घालूनच असतो. आमच्याकडे फास्ट नाही, आमची गाडी कुर्ला-वडाळ्याला रेंगाळते, मेगाब्लॉकची पहिली कुऱ्हाड आमच्यावर. आजोबा म्हणाले, "भारतात विजेवरची पहिली गाडी कुठे धावली ठाऊक आहे? ३ फेब्रुवारी १९२५. व्हीटी ते कुर्ला. तीही हार्बरने." सभेत शांतता. चार डब्यांची गाडी, दीड हजार व्होल्टचा डीसी करंट, मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उद्घाटनाला. तो डीसी करंट हार्बरवर थेट एप्रिल २०१६ पर्यंत टिकला, मग पंचवीस हजार व्होल्टचा एसी आला. झालं! दुसऱ्या दिवसापासून ठाण्याकडच्या नातेवाइकांना फोन सुरू. "तुमच्याकडे १८५३ ला वाफेची आली असेल हो, विजेची आमच्याकडे आधी." आमच्याकडे! १९२५ ला वाशीला काय होतं? मिठागरं आणि मासळी. खाडीवरून वाशीला गाडी आली १९९२ साली, पनवेलला पोचायला १९९८ उजाडलं. पण अभिमानाला पत्ता लागत नाही.

आणि ही बघ्यांची जात आजची थोडीच आहे? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. आत पाहुणे किती, तर सुमारे चारशे. मुंबईत सुट्टी जाहीर झालेली, एकवीस तोफा उडवलेल्या, आणि रुळांच्या दोन्ही अंगांना माणसांची ही गर्दी. म्हणजे पहिल्या दिवशीच बसणारे थोडे आणि बघणारे अमाप. काहीही काम नसताना गाडी बघत उभं राहणं ही आपली रेल्वेपेक्षा तासभर जुनी परंपरा आहे. गाडी सुटायच्या आधीच लोक येऊन थांबले असणार.

साहेबाच्या देशात तर लाज सोडली आहे. १९४२ साली, भर महायुद्धात, इयन ॲलन नावाच्या रेल्वेतल्या एका तरुण कारकुनाने इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका छापली. का, तर लोक पत्रं पाठवून नंबर विचारून भंडावून सोडायचे. मग पोरं ती पुस्तिका घेऊन फलाटाच्या टोकाला उभी राहायची आणि दिसेल त्या नंबराखाली रेघ मारायची. बॉम्ब पडताहेत वरून, आणि हे रेघा मारताहेत! जपानात गाडीचे फोटो काढणारे वेगळे आणि गाडीत बसण्याचे शौकीन वेगळे, दोघांना वेगळी नावं, आणि एकमेकांना नावं ठेवतात ती निराळीच. आमच्याकडेही फूट पडायला लागलीच आहे. संग्रहालयवाले पनवेलच्या पोरांना उनाड म्हणतात, पोरं संग्रहालयवाल्यांना भंगारवाले म्हणतात.

भंगाराचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. त्यात तथ्य आहे. वाफेची इंजिनं गेली तेव्हा बहुतेक कापून किलोवर विकली गेली. जी वाचली ती अशाच कुणा खुळ्याने अर्ज-विनंत्या करून वाचवली. १८५५ च्या फेअरी क्वीनला पुन्हा वाफ भरून रुळांवर चालवलं, ते काय ठेकेदाराने स्वतःहून केलं असेल? खुळ्या माणसांना मी नावं ठेवते, ठेवणार. पण शहाण्यांच्या हाती काम असतं तर आज बघायला नुसता रिकामा ट्रॅक उरला असता.

असो. वाढदिवसांचं ऐकलंत का? गाडीचा वाढदिवस! दर १ जूनला पुणे स्टेशनावर डेक्कन क्वीनचा केक कापतात. पहिली धाव १ जून १९३० ची. सुरुवातीला ती आठवड्याच्या शेवटी, पुण्याच्या रेसला जाणाऱ्या शौकिनांसाठी. घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांची गाडी पुढे चाकरमान्यांची झाली आणि आता तिला हारतुरे, रांगोळी. डायनिंग कार असलेली गाडी ती, तिच्या आम्लेटवर लोक आठवणींचे कढ काढतात. आणि त्याच तारखेला पंजाब मेलचाही वाढदिवस, १ जून १९१२ चा, म्हणजे वयाने अठरा वर्षं वडील. तिचा केक इतका गाजत नाही. थोरलीचं नशीब असंच असतं.

आता पुण्याचं. खरी गंमत तिथलीच आहे, म्हणून शेवटी ठेवली. कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ, जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी नावाचे गृहस्थ, स्वतःचा कारखाना सांभाळून छोट्या गाड्या जमवायचा, बनवायचा नाद. बायकामाणसांना कल्पना असेल घरात असा नाद असला की काय होतं ते: आधी टेबल जातं, मग खोली जाते, मग पाहुण्यांची झोपायची जागा जाते. यांनी आधी प्रदर्शनं भरवली, आणि मग १ एप्रिल १९९८ ला कायमचं संग्रहालयच उघडलं. एक एप्रिलला! म्हणजे लोक काय म्हणतील याची भीती त्यांनी केव्हाच सोडली होती.

तिथे बाकांवर बसवतात आणि मधे अख्खं शहर. माप एकास सत्त्याऐंशी. या मापाने आपल्या लोकलचा डबा वीतभर होतो. बारा डब्यांची गाडी दिवाणखान्यात सोफ्यामागून आरामात जाईल. वाफेची, डिझेलची, विजेची, वेगाची, सगळ्या जातींच्या गाड्या. बोगदे, सिग्नल, फाटकं. एकीकडे सर्कस, एकीकडे पोहायचा तलाव. निवेदन सुरू होतं, दिवे मंद होतात, शहरात रात्र होते आणि इवल्या खिडक्यांत उजेड लागतो. मग एक गाडी सिग्नलला थांबते, दुसरी जाऊ देते, मग निघते. एवढंच. ए विंगमधली ती चिमुरडी हे बघून टाळ्या वाजवायला लागली. तिच्या आईने मला हळूच सांगितलं, की तिचा नवरा, जो घणसोलीच्या आयटी पार्कात तीन स्क्रीनसमोर बसतो आणि लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा हसलेला नाही, तो पुढे वाकून, तोंड उघडं टाकून बघत होता.

मी तिला विचारलं, "अगं पण रोज तर गाडीत लोंबकळतो तो. त्यात बघायचं काय?" ती म्हणाली, "काकू, त्याने जन्मात पहिल्यांदा अशी गाडी बघितली जी त्याला पकडायची नव्हती." यावर मी काही बोलले नाही. आजकालच्या मुली फार बोलतात.

तर या पार्श्वभूमीवर आमच्या सोसायटीची सहल ठरायची होती. दरवर्षी कर्जतला रिसॉर्ट ठरलेलं. पोहणं, दुपारची पंगत, हाउजी, घरी. यंदा सभेत हात वर करायला सांगितलं तर पुण्याच्या रेल्वे संग्रहालयाला बहुमताने पसंती! रिसॉर्टच्या बाजूने मी आणि खजिनदार. बायकांनी लक्ष्मी रोडचा एक तास पदरात पाडून मगच हात वर केले हे मला नंतर कळलं.

आणि मग रणकंदन. खजिनदार म्हणाले, बस करू, एक्स्प्रेसवेने दोन-अडीच तासांत कोथरूड. बी विंगच्या वहिनी उभ्या राहिल्या. "रेल्वे बघायला बसने? लाज नाही वाटत?" मग कुठली गाडी? आमची मेख अशी, की पनवेलवरून जाणारी प्रगती संध्याकाळी पुण्याला जाते आणि सकाळी परत येते. आम्हाला नेमकं उलटं हवं. म्हणजे पहाटे नेरुळहून ठाणे गाठायचं आणि तिथून इंद्रायणी. साठीच्या पुढच्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हा वहिनींनी भोर घाट काढला. सदतिसाला एक असा चढ, १८६३ साली पुरं झालेलं काम, आणि ते पुरं कुणी केलं? सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार आला आणि महिन्याभरातच, १८५९ साली वारला. मागे त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, इंजिनिअर नेमून ते कंत्राट तडीला नेलं. "परक्या मुलखात, विधवा बाई, आणि तिने सह्याद्री फोडून घेतला," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्हाला पहाटे ठाण्याला जायला होत नाही?" इंद्रायणी मंजूर झाली.

आता वाद उरलाय तो कर्जतचा. तिथे घाट चढवायला गाडीला मागून इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना. आम्ही आजवर समजत होतो, गाडी वड्यासाठी थांबते. थांबते ती मोजकी मिनिटं. पोरांना आणि बँकवाल्या गृहस्थांना शेवटच्या डब्याकडे पळत जाऊन कपलिंग बघायचंय, बाकीच्यांना दिवाडकरांचा वडा हवाय, आणि एवढ्या वेळात दोन्ही होत नाही. आजोबांना लवाद नेमलं. ते म्हणाले, कपलिंग मी बघितलंय, माझा वडा. सेक्रेटरींनी कागद फिरवायला घेतलाय, इंजिनवाले एका रकान्यात, वडेवाले दुसऱ्या. ज्यांनी दोन्हीकडे सह्या केल्यात त्यांना बोलावून विचारणार आहेत, आणि त्या यादीत खजिनदारांचं नाव सगळ्यात वर आहे.